घरातली दाटी आणि मोकळ्या खोल्या: जनगणनेच्या आकड्यांतून कसं मोजायचं? (सातारा-सांगलीच्या उदाहरणांसह)

ग्रामपंचायतीचा आराखडा करताना घरांचा विषय निघाला की चर्चा घरकुलांच्या यादीपाशी थांबते. कुणाचं मंजूर झालं, कुणाचा हप्ता अडकला, कुणाचं नाव कटलं, एवढंच बोलणं होतं. घरात माणसं किती आणि खोल्या किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या मूळ निकषांत बेघर कुटुंबं आणि कच्च्या भिंती-कच्च्या छपराच्या दोन खोल्यांपर्यंतच्या घरांतली कुटुंबं धरली होती. म्हणजे दोन पक्क्या खोल्यांत नऊ माणसं राहत असतील, तरी ते घर त्या निकषांत बसत नव्हतं. अशा घरातली सून रात्री कुठे पाठ टेकते, दहावीचा मुलगा कुठे अभ्यास करतो, आजोबांना क्षयाचं औषध सुरू असलं तर त्यांचं अंथरूण वेगळं कुठे घालायचं, यातलं काहीच यादीत उमटत नाही. दाटी मोजायची ती यासाठी.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे: ग्रामपंचायत सदस्य, समाजकार्याचे विद्यार्थी, वॉर्डाचा अभ्यास करणारे कार्यकर्ते. संगणकावर एक्सेलची फाईल उघडता येत असेल आणि टक्केवारी काढता येत असेल तर एवढं भांडवल पुरे आहे.

आधी व्याख्या, मग आकडे

नवखे लोक थेट फाईल उघडतात आणि इथेच फसतात. जनगणनेचे तीन शब्द आधी पक्के करा.

पहिला शब्द कुटुंब. एका स्वयंपाकघरातलं जेवणारे आणि नेहमी एकत्र राहणारे लोक म्हणजे एक कुटुंब. नातं असलंच पाहिजे असं नाही आणि रेशनकार्ड किती आहेत याच्याशीही काही संबंध नाही. आपल्याकडे हे समजायला सोपं आहे, कारण गावात विचारतातच, "चुली किती?" वाड्याची वाटणी झाली, दोघा भावांनी चुली वेगळ्या केल्या की एका छपराखाली दोन कुटुंबं झाली. उलट तीन भाऊ, तीन सुना आणि म्हातारे आई-वडील एकाच चुलीवर असतील तर ते एकच कुटुंब, मग माणसं पंधरा का असेनात. वसतिगृह, आश्रम, तुरुंग यांना संस्थात्मक कुटुंब म्हणतात आणि घरांच्या तक्त्यांतून ती वगळलेली असतात. त्यामुळे कराड किंवा मिरजेतल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतली दाटी या आकड्यांत शोधू नका.

दुसरा शब्द जनगणना घर. रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून स्वतंत्र मुख्य प्रवेश असलेली इमारत किंवा इमारतीचा भाग. दुकान, शाळा, देऊळ, गोदाम हीसुद्धा जनगणना घरंच. म्हणून घरांची एकूण संख्या आणि कुटुंबांची संख्या यांची वजाबाकी करून "इतकी घरं जास्त आहेत" असं कधीही लिहू नका.

तिसरा शब्द राहती खोली. इथे सावकाश जाऊ, कारण निम्म्या चुका इथेच होतात. चार भिंती, दार आणि छप्पर हवं. लांबी किमान २ मीटर, रुंदी किमान दीड मीटर आणि उंची किमान २ मीटर हवी. बैठकीची खोली, झोपायची खोली, जेवणाची, अभ्यासाची खोली या धरायच्या. स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, कोठीची खोली, बोळ आणि उघडा व्हरांडा धरायचा नाही. मात्र ज्या एकाच खोलीत स्वयंपाक, जेवण, झोपणं सगळं चालतं, ती धरायची. दुकानाच्या खोलीतच कुटुंब राहत असेल तर ती राहती खोली मानली जात नाही.

आता पाटण खोऱ्यातलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. पुढे उघडा सोपा, आत माजघर, माजघराच्या बाजूला चूल, मागे न्हाणी, एका कडेला धान्याची अंधारी खोली, वर माळा. गावकरी सांगतील, "चार-पाच खोल्या हायेत." जनगणनेच्या हिशेबात यातलं बहुधा एकटं माजघर टिकतं. सोपा उघडा म्हणून गेला, चुलीची खोली गेली, धान्याची गेली, न्हाणी गेली. माळ्यावर माणूस ताठ उभा राहत नसेल तर तोही गेला. पण सोप्याला पुढून भिंत घालून दार बसवलं असेल, तर तो खोली म्हणून आत आला. मग याच घरात दोन खोल्या झाल्या आणि दाटीचं गणितच बदललं.

शहरातलं उदाहरण वन आरकेचं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीजवळ अशी भाड्याची घरं भरपूर आहेत. एक खोली आणि एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात फक्त स्वयंपाक होत असेल तर राहती खोली एक. पण भांडी आवरून रात्री तिथे आईचं अंथरूण पडत असेल, तर ती खोली अनेक कामांसाठी वापरली जाते आणि राहती खोली ठरते. म्हणजे जास्त दाटीच्या घरात स्वयंपाकघरही खोलीत मोजलं जातं आणि कागदावर दाटी उलट कमी दिसते. हा दोष तक्त्यात बसून काढता येत नाही, घरात जाऊनच काढावा लागतो. त्याकडे पुढे येतो.

कुठली फाईल घ्यायची

भारताच्या जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर २०११ चे तक्ते मोफत मिळतात. महाराष्ट्राचा संकेतांक २७, साताऱ्याचा ५२७ आणि सांगलीचा ५३१ आहे. हे आकडे लिहून ठेवा, कारण फाईलींची नावं बहुतेक याच आकड्यांवरून असतात.

आपल्याला दोन प्रकारचे तक्ते लागतील. पहिला 'एचएलपीसीए', म्हणजे घरयादीचा (जनगणनेच्या पहिल्या टप्प्यातल्या घरांच्या नोंदीचा) प्राथमिक गोषवारा. तो गाव आणि वॉर्ड पातळीपर्यंत जातो. त्यात कुटुंबांची टक्केवारी असते: स्वतंत्र खोली नाही, एक खोली, दोन, तीन, चार, पाच, सहा किंवा जास्त. शेजारच्या रकान्यांत कुटुंबातली माणसं (१, २, ३, ४, ५, ६ ते ८, ९ किंवा जास्त) आणि विवाहित जोडप्यांची संख्या असते. दुसरा तक्ता घरांच्या मालिकेतला, ज्यात माणसं आडवी आणि खोल्या उभ्या अशी चौकट असते. तो इतक्या खालच्या पातळीवर मिळत नाही, पण खरं मोजमाप त्याच्यावरच होतं.

फाईल उघडल्यावर आधी ओळी नीट बघा. एकाच जिल्ह्याच्या एकूण, ग्रामीण आणि नागरी अशा तीन ओळी असतात, मग तालुका, मग गावं, शहरं, वॉर्ड. सगळ्यांची बेरीज मारली की जिल्हा दुप्पट-तिप्पट होतो. दुसरं, गावांच्या टक्केवाऱ्यांची नुसती सरासरी काढून तालुक्याचा आकडा काढू नका. साठ चुलींचं जावळीतलं गाव आणि दोन हजार चुलींचं वाळव्यातलं गाव एकाच तागडीत बसत नाहीत. प्रत्येक टक्केवारीला त्या गावाच्या कुटुंबसंख्येने गुणा, मग बेरीज करा, मग एकूण कुटुंबसंख्येने भागा.

सरासरी का फसवते

सगळ्यात सोपी रीत म्हणजे माणसं भागिले खोल्या. ती करा, पण तिथे थांबू नका. का, ते एका काल्पनिक शहरावरून बघू.

समजा १,००० कुटुंबं आहेत आणि ४,४०० माणसं. ३० कुटुंबांना स्वतंत्र खोलीच नाही. ४०० कुटुंबं एका खोलीत, ३५० दोन खोल्यांत, १५० तीन खोल्यांत आणि ७० चार किंवा जास्त खोल्यांत राहतात. या ७० घरांत सरासरी पाच खोल्या धरल्या तर एकूण खोल्या १,९०० होतात. ४,४०० भागिले १,९०० म्हणजे खोलीमागे सुमारे २.३ माणसं. एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं म्हणजे दाटी, ही संयुक्त राष्ट्रांच्या अधिवास कार्यक्रमाची मोजपट्टी लावली तर शहर सुखात दिसतं.

आता चौकटीचा तक्ता घ्या. एका खोलीतल्या ४०० पैकी १५० कुटुंबांत तीन किंवा कमी माणसं आहेत. उरलेल्या २५० कुटुंबांत चार, पाच, सात, नऊ माणसं एकाच खोलीत आहेत. दोन खोल्यांतल्या कुटुंबांपैकी १२ घरांत नऊ किंवा जास्त माणसं आहेत, तीही दाटीत धरायची. स्वतंत्र खोली नसलेली ३० कुटुंबं तर सरळ दाटीतच. बेरीज २९२, म्हणजे २९.२ टक्के. सरासरीने झाकलेली ही जवळपास तीनशे घरं आहेत.

इथे एक अडचण येते. '६ ते ८' हा गट दोन खोल्यांच्या बाबतीत मोजपट्टीवर अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे पडतो. सहा माणसं दोन खोल्यांत म्हणजे नेमकी तीन, ती दाटी नव्हे. सात-आठ असली की दाटी. तसंच तीन खोल्यांत '९ किंवा जास्त'. तक्ता हे फोडून देत नाही. अंदाजाने अर्धी-अर्धी वाटणी करू नका. दोन आकडे द्या. वरच्या उदाहरणात दोन खोल्यांत '६ ते ८' माणसांची ६० कुटुंबं आणि तीन खोल्यांत '९ किंवा जास्त' माणसांची ९ कुटुंबं असतील, तर ती धरून ३६१ होतात. मग लिहायचं: "दाटी किमान २९.२ टक्के, जास्तीत जास्त ३६.१ टक्के." चार खोल्यांत तेरा माणसं इतकी विरळा असतात की ती सोडली तरी चालतं. असा पल्ला दिल्याने काम कच्चं दिसेल अशी भीती अनेकांना वाटते. माझ्या मते पल्ला देणारा अभ्यासक जास्त भरवशाचा.

मोजपट्टी कुठली लावली तेही दर वेळी लिहा. तीनऐवजी 'खोलीमागे दोनपेक्षा जास्त' अशी कडक पट्टी लावली तर आकडा एकदम वर जातो. देशपातळीवर २०११ मध्ये सुमारे ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती आणि आणखी सुमारे ४ टक्क्यांना स्वतंत्र खोली नव्हती, त्यामुळे पट्टी थोडी सरकली तरी लाखो घरं आत-बाहेर होतात.

गावाची चौकट मिळत नसेल तेव्हा

गाव पातळीवर माणसं वेगळ्या रकान्यात आणि खोल्या वेगळ्या रकान्यात. चार माणसांचं घर एका खोलीत आहे की तीन खोल्यांत, हे कळत नाही. तरी हात टेकायचं कारण नाही. हातात आहे त्यावरून खात्रीचा किमान आकडा काढता येतो.

समजा एका गावात चार किंवा जास्त माणसांची कुटुंबं ६४ टक्के आहेत. एक खोली किंवा स्वतंत्र खोली नसलेली कुटुंबं ४८ टक्के. दोन्हींची बेरीज ११२. शंभरात ११२ मावत नाहीत, म्हणून किमान १२ टक्के कुटुंबं दोन्ही यादींत असलीच पाहिजेत: माणसं चार किंवा जास्त आणि खोली फार तर एक. हा आकडा अंदाज नाही, पक्का आहे. वरची मर्यादा दोन्हींतला लहान आकडा, म्हणजे ४८ टक्के. बेरीज शंभरच्या आत आली तर किमान आकडा शून्य धरायचा.

१२ ते ४८ हा पल्ला मोठा आहे, मान्य. पण तालुक्यातल्या सगळ्या गावांचा किमान आकडा काढून उतरत्या क्रमाने लावा. कुठल्या गावात आधी जायचं हे पहिल्या दहा ओळींत दिसतं.

जोडप्यांची मोजपट्टी

मला स्वतःला ही मोजपट्टी सगळ्यात जवळची वाटते. घरात विवाहित जोडपी किती आणि खोल्या किती? जोडप्यांपेक्षा खोल्या कमी असतील तर कुणातरी नवरा-बायकोला स्वतःची खोली नाही. खोली एक, जोडपं एक, पण सोबत सासू आणि मोठी मुलगीही असेल, तरी तेच. खोलीमागे तीन माणसांच्या पट्टीत चार माणसांचं घर जेमतेम दाटीत येतं. जोडप्याच्या नजरेतून पाहिलं की तिथली अडचण कळते.

देशाच्या नागरी घरटंचाईचा हिशेबही याच कल्पनेवर उभा आहे. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये शहरांतली घरांची तूट १.८८ कोटी काढली. त्यातली सुमारे १.५ कोटी कुटुंबं निव्वळ दाटीमुळे तुटीत आली होती, म्हणजे दर पाचातली चार. बेघर कुटुंबं सुमारे ५ लाख होती. घरांची टंचाई म्हटलं की आपण रस्त्यावरचा माणूस डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात टंचाईचा मोठा भाग दाराआड आहे.

एचएलपीसीएमध्ये दोन किंवा जास्त जोडपी असलेल्या कुटुंबांची टक्केवारी आणि एक खोलीवाल्यांची टक्केवारी दोन्ही आहेत. गावासाठी वरचीच किमान-कमालची रीत इथेही लागते, मात्र किमान आकडा बहुतेक वेळा शून्य येतो. जिल्ह्यासाठी जोडपी आणि खोल्या यांची चौकट शोधा.

मोकळ्या खोल्या आणि कुलूपबंद घरं

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

मोकळी खोली म्हणजे लोक राहत असलेल्या घरातली जादा खोली. इंग्लंड-वेल्समध्ये यासाठी वय, लिंग आणि जोडपी बघून किती झोपायच्या खोल्या लागतात ते ठरवतात आणि प्रत्यक्ष खोल्यांतून वजा करतात. तिथला नियम इकडे जसाच्या तसा लावू नका. आपल्या खोलीच्या व्याख्येत बैठकीची खोलीही आहे आणि प्रकाशित चौकटीत वयं नाहीत. मी सुचवेन ती साधी पट्टी अशी: माणसांपेक्षा किमान दोन खोल्या जास्त असतील तरच मोकळ्या खोल्या आहेत म्हणा. एक माणूस आणि तीन खोल्या, दोन माणसं आणि चार, तीन माणसं आणि पाच. एक बैठकीची खोली आणि एक आल्या-गेल्यासाठी, एवढी सूट द्यायलाच हवी. दिवाळीला, जत्रेला पोरं-नातवंडं येतात, तेव्हा ती खोली लागते.

ही पट्टी लावली की साताऱ्याच्या जुन्या पेठांतले, सांगलीच्या गावभागातले आणि मिरजेच्या ब्राह्मणपुरीतले वाडे तपासून बघण्यासारखे आहेत. मुलं पुण्यात, वाड्यात दोघंच म्हातारी, असं चित्र ओळखीचं आहे. ते किती मोठं आहे हे मात्र तक्त्यानेच सांगावं, आपण आधी ठरवून जाऊ नये.

कुलूपबंद घर वेगळं. पाटण आणि जावळीतले लोक पिढ्यानपिढ्या मुंबईला माथाडी कामाला गेले. खानापूर-आटपाडीतले गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरले. त्यांची गावची घरं चांगली बांधलेली असतात आणि वर्षातले बरेच महिने बंद असतात. घरयादीत वापरात नसलेलं घर 'रिकामं' म्हणून वेगळं नोंदलं जातं आणि लोक तात्पुरते बाहेर गेलेलं घर 'राहतं पण कुलूप' म्हणून वेगळं. दोन्हींची गल्लत करू नका. २०११ मध्ये देशातल्या ३३.०८ कोटी जनगणना घरांपैकी २.४७ कोटी रिकामी होती. या आकड्यावरून "घरं भरपूर आहेत, टंचाई खोटी" असं म्हणणारे भेटतील. डोंगरातल्या वाडीतलं बंद घर कुपवाडच्या कामगाराच्या उपयोगाचं नाही, हे त्यांना शांतपणे सांगा.

महिना कुठला, हे विसरू नका

महाराष्ट्रात मागच्या घरयादीचं काम मे-जून २०१० मध्ये झालं. लोकसंख्येची मोजणी मात्र ९ ते २८ फेब्रुवारी २०११ दरम्यान. खोल्यांचे आकडे पहिल्या टप्प्यातले, लोकसंख्येचे दुसऱ्या टप्प्यातले. आपल्या भागात यामुळे बराच फरक पडतो. फेब्रुवारीत उसाचा हंगाम भरात असतो. वाळवा, पलूस, कराडकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडलेल्या असतात. मे महिन्यात त्या उठलेल्या असतात. म्हणून सगळ्यात दाटीची ही वस्ती खोल्यांच्या तक्त्यांत जवळजवळ दिसणारच नाही. उलट मे महिन्यात मुंबईकर गावी आलेले असतात. नियमाने फक्त नेहमी राहणारी माणसं धरायची, पण विचारणाऱ्याने नीट विचारलं नाही तर पाहुणेही मोजले जातात. एखाद्या डोंगरी गावात माणसं अनपेक्षित जास्त दिसली तर ही शक्यता मनात ठेवा.

आकडे पंधरा वर्षांहून जुने झालेत, हेही प्रत्येक अहवालात पहिल्याच पानावर लिहा. पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या संदर्भ तारखेची आहे आणि तिच्या घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ ठरवलेला आहे. नवे तक्ते येतील तेव्हा हीच गणितं पुन्हा करून तुलना करता येईल, म्हणून आपली एक्सेलची फाईल सूत्रांसह जपून ठेवा.

घरात जाऊन पडताळणी

किमान आकड्याच्या यादीतून दोन-तीन गावं किंवा वॉर्ड निवडा आणि पन्नासेक घरं बघा. ओळीने प्रत्येक पाचवं किंवा दहावं घर घ्या; ओळखीची घरं निवडू नका.

"किती खोल्या आहेत?" हा प्रश्न पहिला विचारू नका. उत्तरात स्वयंपाकघर येणार, गोठाही येईल. त्याऐवजी विचारा, "काकू, रात्री अंथरुणं कुठं कुठं पडतात?" या एका प्रश्नातून खरी खोली कुठली ते कळतं, वन आरकेतलं स्वयंपाकघर कळतं, उन्हाळ्यात अंगणात आणि पावसाळ्यात आत कसं होतं तेही कळतं. मग प्रत्येक खोलीचं माप घ्या. टेप नसेल तर पावलांनी मोजा. चूल वेगळी आहे का, ते विचारा. नेहमी राहणारी माणसं किती, जत्रेला येणारी किती, ते वेगवेगळं लिहा.

जोडप्यांचा प्रश्न घरातल्या सगळ्यांसमोर विचारायचा नाही. सुनेशी बोलायचं असेल तर बाई कार्यकर्तीने, ती एकटी असताना, आणि तिला सांगावंसं वाटेल तेवढंच. फॉर्मवर नाव लिहू नका, घराचा क्रमांक पुरे. वीस चुलींच्या वाडीत "एका खोलीत तीन जोडपी" असं छापलं की कुणाचं घर ते सगळ्या गावाला कळतं. अशा ठिकाणी दोन-तीन वाड्या एकत्र करूनच आकडा द्या, आणि ग्रामसभेत वाचायच्या आधी त्या घरच्यांना दाखवून घ्या.